धन्याला धनी

माझ्या धाकट्या दिरांना घरात सगळे डिंक्या म्हणतात. लहानपणी ज्या गोष्टीला चिकटले तिथून हलायचे नाहीत, म्हणून सासूबाईंनी ठेवलेलं नाव. पुढे धंदाही त्यांनी नावाला शोभेलसाच पत्करला: फुटलेली जुनी भांडी जोडण्याचा. रोजच्या वापरातली नव्हेत. लोक काचेच्या कपाटात ठेवतात आणि पाहुण्यांना हात लावू देत नाहीत, तसली. त्यातही जुन्या इराणी भांड्यांवर त्यांचा हात बसलेला. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला वहिनी. अठ्ठावीस वर्षं आम्ही एका घरात राहतोय. लग्न त्यांनी केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणतात, "माझ्याकडे येतं ते सगळं आधीच तडा गेलेलं असतं."

मागची खोली त्यांची. उत्तरेकडे मोठी खिडकी, तिच्याखाली टेबल, टेबलावर वाळूने भरलेलं घमेलं. जोडलेलं भांडं चिकटद्रव्य सुकेपर्यंत त्या वाळूत तिरपं रोवून ठेवायचं, म्हणजे स्वतःच्याच वजनाने सांधा घट्ट बसतो. बाजूला कापसाचे बोळे, दातकोरणी, चिमटे, ब्लेडं, रंगांच्या बाटल्या. माझी पिठाची एक चाळणी तिथे प्लास्टर चाळायला गेली ती कायमचीच. मी दुसरी आणली, तीही गेली. तिसरी मी देवघराच्या फळीवर ठेवते. तिथून उचलायचा त्यांना धीर होत नाही.

त्यांच्या कामात एक नियम आहे. मोडक्या भांड्यातला एखादा तुकडा हरवलेला असेल तर तिथे प्लास्टर भरून वर रंग द्यायचा. पण तो मूळ रंगाहून एक छटा फिका. "चार हातांवरून दिसू नये, वीतभरावरून दिसायलाच हवं," असं ते सांगतात. त्या फिकेपणाला ते कबुली म्हणतात. 'कबुली सोडली का?' हा त्यांचा स्वतःलाच विचारायचा शेवटचा प्रश्न. मला वाटायचं, हा शब्द या धंद्यातलाच असेल. तो त्यांचा एकट्याचा आहे आणि कुठून आला, हे मला परवा परवा कळलं.

एका सकाळी डॉक्टरबाई आल्या. दातांच्या डॉक्टर, दवाखाना बंद करून चार वर्षं झाली होती. उंच, करड्या केसांच्या, चालताना पुढे पाहण्याऐवजी समोरच्याच्या तोंडाकडे पाहणाऱ्या. मी हसले तेव्हा त्यांची नजर थेट माझ्या दाढेवर गेली. त्या जुनी इराणी भांडी जमवतात एवढं भाऊजींकडून ऐकलं होतं. घरी पहिल्यांदाच आल्या होत्या. हातात डबा, डब्यात टॉवेल, टॉवेलात वाडगा.

"मिस्त्री, हा नवा आलाय माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "बुडाशी टवका उडालाय, तेवढा भरून द्या. बाकी कशाला हात लावायचा नाही."

मी चहा घेऊन गेले आणि तिथेच थांबले. मला खरंच कळत नसे की शहाणीसुरती माणसं या फुटक्या खापरांसाठी इतका जीव का टाकतात. पण तो वाडगा पाहून मीही जरा पुढे सरकले. आत निळसर हिरवा रंग, उथळ स्वच्छ पाण्यात पाहावं तसा. त्या रंगाखाली काळे पक्षी, चार, एकामागे एक. आणि कडेला गोल फिरणारी काळी वळणदार ओळ.

"हात लावू का?" मी विचारलं.

"लावा की. दोन्ही हातांनी धरा, कडेला नको. बुडाशी बोट फिरवा. काय लागतं?"

"खडबडीत आहे. वाळूसारखं."

"वाळूच म्हणा. त्या लोकांना चिनी भांड्यांसारखं पांढरं भांडं हवं होतं, पण तसली पांढरी माती त्यांच्याकडे नव्हती. मग काय केलं, तर गारगोटी दळली."

"गारगोटी? आणि दळली?"

"पिठासारखी. त्यात थोडी काच, थोडी माती घालून मळली. सात-आठशे वर्षांपूर्वी. मी जन्मभर दातांत सिमेंट भरलं हो, कंपन्यांनी बनवून दिलेलं. यांनी घरच्या घरी केलं. आता इथे बघा, बाहेरच्या अंगाला."

बाहेर निळ्या झिलईचा एक ओघळ खाली येता येता मध्येच थांबला होता. टोकाला जाड थेंब.

"भट्टीत काच वितळून वाहायला लागली आणि त्याच वेळी भट्टी निवली," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून हा थेंब असाच. आणि त्याच्याखाली हा अंगठा. ओल्या झिलईत बुडवताना ज्याने धरला त्याचा. मला सांगा, राजवाड्यातला सुबक हंडा यापुढे काय करायचाय?"

मी माझा अंगठा त्या खुणेवर ठेवून पाहिला. माझा मोठा निघाला. कोण असेल? बाई असेल का? हा प्रश्न मला नंतर कितीतरी दिवस पुरला.

"आणि ही अक्षरं?" मी कडेकडे बोट दाखवलं.

डॉक्टरबाईंचा चेहरा एकदम उजळला. "त्याच्यासाठीच तर घेतला! अशा वाडग्यांवर बहुधा शुभेच्छा असतात. सुख, भरभराट, दीर्घ आयुष्य, क्षेम, आणि शेवटी 'धन्याला'. म्हणजे ज्याच्या घरी वाडगा असेल त्याला. मजकूर अरबीत असतो, आणि अरबीत हा 'ला' शब्दाच्या आधी लागतो. शेकड्यांनी सापडतात. पण इथे शेवटच्या शब्दाच्या आधी जिथे एखादी शुभेच्छा यायची, तिथे काय लिहिलंय माहितीये? 'धनी'. धनी, धन्याला. म्हणजे धन्याला धनी मिळो! वाडग्याच्या मालकालाही कुणी वरचा मालक असू दे. एक साधा कुंभार, आणि श्रीमंत गिऱ्हाइकाच्या वाडग्यावर हे लिहितो!"

माझ्या अंगावर काटा आला. मी मनात हात जोडले. खरं सांगते.

"अरबी भाषेच्या एका प्राध्यापकांकडून वाचून घेतलं," त्या सांगत होत्या. "ते म्हणाले, शब्द तोच आहे, पण जागा चमत्कारिक आहे, कुंभाराची चूकही असेल. मी म्हटलं, चूक इतकी सुंदर नसते. आमच्या संग्राहक मंडळाची पुस्तिका निघते वर्षाला. त्यात माझा लेख येतोय यावर. मुखपृष्ठावरही हाच. येत्या सोमवारी छापायला जाते."

भाऊजी एवढा वेळ चहा ढवळत होते. साखर कधीच विरघळली होती. चमचा फिरतच होता.

"शुक्रवारी तयार ठेवतो," एवढंच म्हणाले.

त्या गेल्यावर भाऊजींनी खिडकीचे पडदे ओढले. भर सकाळी. टेबलाच्या खणातून जांभळ्या उजेडाचा छोटा दिवा काढला. त्या उजेडात जुनी झिलई एक रंग दाखवते आणि नंतर लावलेला रंग दुसराच. दुरुस्ती कुठे झालीये ते ओळखायला तो वापरतात. वाडगा अंधारात काळसर जांभळा दिसला. फक्त कडेवर, दोन बोटांएवढी जागा दुधाळ पिवळी पेटली. बरोबर त्या शब्दाची.

"वहिनी," ते म्हणाले, "हा मी लिहिलाय."

मला आधी कळेचना. "काय लिहिलंत?"

"धनी."

मग खाली बसून त्यांनी सांगितलं. सव्वीस वर्षांपूर्वी ते एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली शिकत होते. त्यांना ते बाबा म्हणत. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने बाबांना न कळवता परस्पर यांच्याकडे हा वाडगा दिला. अकरा तुकडे होते, बारावा हरवलेला. व्यापारी म्हणाला, सांधा दिसता कामा नये. पहिलंच स्वतंत्र काम! भाऊजींनी प्लास्टर भरलं, झिलईसारखा रंग जमवला. आणि ओळीत जी जागा रिकामी राहिली तिथे पलीकडचा आकार बघून तसाच्या तसा काढला.

"अक्षरं आहेत हे माहीत नव्हतं?"

"कुणाला माहीत! मला वाटलं वेलबुट्टी आहे. वेलबुट्टीत तेच तेच फिरून येतं ना? मग जागेत मावेल असा तुकडा बघितला आणि उतरवला. पहिला फाटा मळाखाली झाकलेला होता, तो आलाच नाही. आत्ता बाई बोलल्या तेव्हा कळलं, 'धन्याला'तला 'ला' राहिला आणि 'धनी' तेवढा उतरला."

मला हसू येत होतं आणि रडूही. कारण तो वाडगा मला आठवला. मी नवी नवरी, दोन वर्षं झालेली. भाऊजी तो घेऊन घरभर फिरले होते. सांधा शोधून दाखवा म्हणाले. यांना सापडला नाही, सासूबाईंना सापडला नाही. आणि मीच म्हटलं होतं, "काही म्हणता काही कळत नाही हो, भाऊजी!"

"बाबांना दाखवला होता?" मी विचारलं.

"दाखवला. त्यांनी खूप वेळ फिरवून बघितला. मग म्हणाले, 'छान लपवलंस.' 'छान जोडलंस' नाही म्हणाले. त्या दिवसापासून मी कबुली सोडतो."

संध्याकाळी जेवताना यांच्या कानावर घातलं. हे म्हणजे माझे यजमान. पोस्टातून निवृत्त, प्रत्येक गोष्टीचा निकाल शिक्का मारल्यासारखा लावणारे.

"डिंक्या, गप्प बस," हे म्हणाले. "कुणाचं काय वाईट झालंय? बाई खूश, वाडगा खूश."

"उद्या दुसऱ्या कुणी दिवा लावून बघितला तर?"

"तर तेव्हा बघू. तू आपणहून सांगितलंस तर पहिली गोष्ट कोणती होईल? ही सगळी जमवणारी माणसं एकमेकांना ओळखतात. म्हणतील, याने एक लपवलं, आणखी किती लपवली असतील? पन्नाशीला आलास. दुसरं काय येतं तुला?"

भाऊजी ताट उचलून मोरीकडे गेले. मी काय विचार करत होते ते लपवत नाही: त्यांनी सांगू नये असंच मला वाटत होतं. त्यांच्या धंद्याची काळजी होतीच, पण ते दोन शब्द मला फार आवडले होते. सकाळी देवापुढे बसले की आपोआप ओठांवर यायचे. धन्याला धनी. आता त्यातला एक आमच्या भाऊजींनी वेलबुट्टी समजून लिहिला म्हणून काय ते खोटे झाले? देवाला विचारलं. देवाने नेहमीप्रमाणे माझ्यावरच सोडलं.

शुक्रवारपर्यंत वाडगा वाळूच्या घमेल्याशेजारी होता. बुडाचा टवका त्यांनी दुसऱ्याच दिवशी भरला होता. नंतर नुसते समोर बसून राहायचे.

डॉक्टरबाई आल्या. टवका बघितला, पसंत केला. भाऊजींनी उठून पडदे ओढले. "डॉक्टरबाई, एक दाखवायचंय," म्हणाले आणि दिवा लावला.

मी दाराशीच होते. ती दुधाळ जागा पेटली. बाई वाकून बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न असा: "भरलंय कशाने?"

"प्लास्टर. वरून रंग आणि लॅकर."

"कुणी?"

"मी. सव्वीस वर्षांपूर्वी." आणि मग सगळं सांगितलं. व्यापारी, बारावा तुकडा, वेलबुट्टी, राहिलेला 'ला'. स्वतःला कुठेही सोडवून घेतलं नाही.

बाई खुर्चीवर बसल्या. "चाळीस वर्षं," त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी दातांत भरत आले. रंग जुळवत आले. तोंड उघडलं की कोणता दात खरा आणि कोणता भरलेला, लांबून सांगते. आणि मला माझ्याच वाडग्यात कळलं नाही."

"कळू नये म्हणूनच केलं होतं मी."

"माझ्या धंद्यात दिसलं तर पेशंट भांडतो! तुमच्यात न दिसणं वाईट का?"

"पेशंटला माहीत असतं ना, बाई, दात भरलाय म्हणून. तुम्हाला माहीत नव्हतं."

त्यावर त्या भडकल्या. "सोमवारी पुस्तिका छापायला जाते! मुखपृष्ठ झालंय! आता मी त्या सगळ्यांना काय सांगू, माझा संत कुंभार म्हणजे मागच्या गल्लीतला मिस्त्री?" वाडगा टॉवेलात गुंडाळला, डबा उचलला आणि गेल्या. चहाला तोंडही लावलं नाही.

लेख त्यांनी काढून घेतला. पुस्तिकेवर दुसऱ्या कुणाची तरी सुरई आली. पुढच्या पंधरवड्यात एक गृहस्थ येऊन आपल्या दोन ताटल्या अर्धवट काम झालेल्याच घेऊन गेले, कारण विचारलं तर म्हणाले, "सहज." आणखी एकांनी फोन उचलणं बंद केलं. हे रोज जेवताना भाऊजींकडे बघून 'सांगितलं होतं' असं न बोलता बोलायचे. भाऊजी मागच्या खोलीत माझ्या बरणीचा तुटका कान जोडत बसले. त्यालाही कबुली सोडली.

दीड-दोन महिन्यांनी डॉक्टरबाई पुन्हा दारात उभ्या. तोच डबा.

"काढून टाका तो," आत येत म्हणाल्या. "रोज कपाट उघडते आणि रोज आधी तोच दिसतो. किडका दात दिसल्यासारखा. खाली नुसतं भोक राहिलं तरी चालेल."

"बसा," भाऊजी म्हणाले. "तुमच्यासमोरच काढतो."

त्यांनी कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये, म्हणजे नखांचा रंग काढायच्या औषधात बुडवला. वास खोलीभर पसरला. बोळा हलकेच फिरवायचा, टाकायचा, दुसरा घ्यायचा. पहिल्या बोळ्यावर निळसर रंग आला, दुसऱ्यावर काळा. 'धनी' हळूहळू अर्धा झाला, मग पाव. मला बघवेना आणि तिथून हलवेनाही. मनातल्या मनात मी ते दोन शब्द म्हणत होते, जाणाऱ्या माणसाला दारापर्यंत सोबत करावी तसे.

पांढरं प्लास्टर उघडं पडलं. भाऊजी त्याच्या कडेवरून, जिथे मूळ झिलई सुरू होते तिथून, बोळा फिरवत होते. एकाएकी थांबले.

"काय झालं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"सांधा दिसू नये म्हणून मी माझा रंग मूळ झिलईवरही थोडा ओढला होता," ते सावकाश म्हणाले. "तेव्हा सगळे करायचे. पण खाली हे होतं, हे मला... मी बघितलंच नव्हतं. मळकट डाग असेल म्हणून झाकला असणार."

त्यांनी भिंग पुढे केलं. निळ्या झिलईच्या आत, प्लास्टरच्या अगदी कडेला, नखाएवढा काळा फराटा होता. खालून वर गेलेला आणि टोकाशी किंचित डावीकडे वळलेला. तुटलेल्या अक्षराची शेपटी.

डॉक्टरबाईंनी भिंग घेतलं. मग पर्समधून फोन काढला, फोटो काढला, त्या प्राध्यापकांना पाठवला. आम्ही तिघं त्या फोनकडे बघत बसलो. प्राध्यापकांचा फोन आला तेव्हा बाईंनी तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"शेपटी अगदी स्पष्ट आहे," ते म्हणाले. "आणि उरलेली जागा धरली तर तिथे 'क्षेम' शिवाय काही बसत नाही. नेहमीचाच शब्द. शेकडो वाडग्यांवर असतो. तुमची जरा निराशा झाली असेल."

"निराशा?" बाई म्हणाल्या. "अहो, हा त्याचा आहे! त्याच्या हातचा!"

फोन ठेवल्यावर त्यांनी पुन्हा भिंग लावलं. पूर्ण शब्द होता तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, त्याहून हा वेगळा होता. शांत, आणि जास्त खोल. तेव्हा कुठे मला या लोकांचं वेड थोडंसं उमगलं. यांना सुंदर वस्तू हवी असते असं मी समजत होते. यांना कुणीतरी भेटायला हवं असतं. अंगठा असो, ओघळ असो, नखाएवढी शेपटी असो, पण ती त्याची हवी.

"मिस्त्री, ही जागा भरा," त्या म्हणाल्या. "अक्षर काढायचं नाही. नुसता निळा."

"एक छटा फिका," भाऊजी म्हणाले.

"दात असता तर मी ऐकलं नसतं." मग चष्मा पुसत, "माझ्याकडे आणखी सहा वाडगे आहेत. सगळ्यांवर तुमचा तो दिवा मारून बघायचाय मला. झोप उडवलीत तुम्ही माझी."

तो रंग जमायला भाऊजींना तीन दिवस लागले. न दिसणारा रंग त्यांना एका दुपारीही जमला असता. दिसेल पण खुपणार नाही असा जमायला वेळ लागतो. चौथ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. वाडगा टेबलाच्या मधोमध ठेवला आणि मला दाराशी उभं केलं.

"वहिनी, तिथून काही दिसतं?"

"नाही."

"या पुढे. आणखी. वीतभर."

मी वाकले. चार पक्षी, पाण्यासारखा निळा, ओळ, ओळ तुटते तिथे ती शेपटी, आणि तिच्यापुढे थोडी फिकट, कोरी जागा.

"आता?"

"आता दिसतं हो, भाऊजी."

"मग झालं," ते म्हणाले आणि टॉवेल शोधायला उठले.